पाचटातली आढी

१

झाड आडवं पडलं होतं आणि सर्जेरावआबा त्याच्या शेजारी सुतकात बसल्यासारखे उकिडवे बसले होते.

साधं सीताफळाचं झाड. पण वडगाव निंबाळकरच्या त्या रोपवाटिकेत त्याचा थाट काही और होता. वर्षभरापूर्वी त्याला पोराच्या डोक्याएवढी, गोल गरगरीत फळं लागली होती. रोपवाटिकेचे प्रमुख सुयोग सर यांनी 'मी नवा वाण शोधला' म्हणून त्यांचे फोटो बारामतीपासून इंदापूरपर्यंत चौकाचौकात लावले. वाणाचं नावही 'सुयोग'च. त्या झाडाच्या डोळे असलेल्या काड्या घेऊन कलमं बांधली, शेतकऱ्यांनी त्यांसाठी नावं नोंदवून ठेवली, आणि येत्या शनिवारी मेळावा घेऊन ती वाटायची होती. पाहुण्यांना मूळ झाड फळांसकट दाखवायचं होतं. आज मंगळवार, आणि झाड बुंध्यातून करवतीनं कापलेलं.

"पोलीस नगं, वकीलबाई," आबा म्हणाले. "मेळाव्याआधी बोभाटा झाला तर माझी इज्जत जाईल. तुमीच शोधा. शनिवारच्या आत."

मी शमा मुलाणी. इंदापूरच्या कोर्टात वकिली करते, आणि आबांच्या रोपवाटिकेची कागदपत्रं सांभाळते. माझ्याकडे येणारी माणसं न्याय मागत येतात आणि चहा पोटात गेला की सुडावर येतात. मला त्याचं काही वाटत नाही. ज्युनियर असताना मी रक्त आटवून तयार केलेला युक्तिवाद माझ्या सिनियरनी कोर्टात स्वतःचा म्हणून मांडला होता. ते वारले तेव्हा मी त्यांच्या तेराव्यालासुद्धा गेले नाही. असा माझा स्वभाव.

सुयोग सर तिथं हातवारे करत फिरत होते. "ही साधी चोरी नाही, मॅडम. हा सूड आहे. आणि तो कुणाचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आबा, आजपासून तपासल्याशिवाय एकही गाडी, एकही पिशवी फाटकाबाहेर जाता कामा नये!"

"बराबर हाय," आबा उठले. "सगळ्यांच्या गाड्या तपासायच्या. तुमची बी. माझी बी."

सुयोग सरांचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला.

इतक्यात माळी कुंडलिकतात्या कामगारांच्या खोलीतून घाबरेघुबरे आले. त्यांच्या हातात करवत होती. दात्यांत सीताफळाचा ओला भुसा अडकलेला होता.

"कुठं सापडली?" मी विचारलं.

तात्यांनी मान खाली घातली. "अनिताताईंच्या कपाटात."

२

अनिता आणि सुयोग एकाच वर्षी कृषी पदवी घेऊन इथं कामाला लागले होते. सुयोग बोलण्यात तरबेज, म्हणून वर चढला. अनिता कामात वाघीण, म्हणून बागेतच राहिली. ते गाजलेलं झाड मुळात तिच्या प्रयोगाचं होतं. मागच्या वर्षी फळं तयार झाली तेव्हा ती सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. परत आली तर फाटकावर सुयोगचा हसरा फोटो. ती जाब विचारायला गेली, तेव्हा सुयोग म्हणाला, "टीमवर्क आहे, ताई. तुमचं नाव शेवटी टाकू." तो शेवट कधी आलाच नाही. उलट तिची बदली इंदापूरच्या विक्री दुकानावर झाली. म्हणजे दिवसभर कुंड्या विका आणि 'सुयोग वाणाची नोंदणी कुठं करायची' हे सांगत बसा.

मी तिला त्या दुकानातच गाठलं. ती एका गिऱ्हाइकाला मोगरा बांधून देत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"करवत माझीच हाय," ती म्हणाली. "बदली झाल्यापासून त्या कपाटातच पडलीया. कपाटाला कुलूप न्हाय."

"काल भाद्रपदी पोळा होता. रोपवाटिकेला सुट्टी. तरी तू सकाळी तिथं गेली होतीस. वॉचमननं पाहिलंय."

"गेले हुते."

"कशाला?"

ती गप्प. मी वाट पाहिली. वकिलीत एक गोष्ट शिकले आहे, समोरच्याला गप्प बसू द्यावं, मग तोच अस्वस्थ होतो. पण ही बाई अस्वस्थ होईना. शेवटी मीच बोलले.

"अनिता, हे तुझ्यावर शेकतंय. नोकरी जाईल, पोलीस केस होईल, आणि झाड मारणारी बाई म्हणून या धंद्यात तुला कुणी दारात उभं करणार नाही. तुला सूड घ्यायचा नव्हता असं तरी सांग."

ती हसली. ते हसू बरं नव्हतं.

"खोटं कशाला सांगू, ताई? घ्यायचाच हुता. वरीसभर त्याच्यावरच जगले मी. पण झाड मेल्याचं जेवढं वाईट मला वाटतंय ना, तेवढं आबांना बी वाटत नसंल." तिनं सुतळीचा तुकडा कचकन तोडला. "ते झाड शनिवारपत्तुर जगायला पायजे हुतं."

एवढं बोलून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

३

शनिवारपर्यंत का? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी परत वडगावला आले आणि पडलेल्या झाडाभोवती फिरले.

सगळे बुंध्याकडे बघत होते. मी फांद्या बघितल्या. फळ एकही नव्हतं. देठ मात्र जागच्या जागी होते, कात्रीनं नीट कापलेले. कुंडलिकतात्यांना हाताशी घेऊन मी खोड थोडं उचलायला लावलं. ज्या फांद्या खोडाखाली चिरडल्या होत्या, त्यांच्यावरचे देठही तसेच, नीट कापलेले.

"तात्या, याचा अर्थ काय?"

"झाड हुबं हुतं तवाच फळं काढल्यात, बाई. आडवं पडल्यावर ह्या खालच्या फांद्यांना हात कसा पोचंल?"

आता बघा. रागानं पेटलेला माणूस झाड तोडायला येतो तेव्हा तो आधी शांतपणे एकेक फळ कात्रीनं काढत बसत नाही. आणि फळं चोरायला आलेला माणूस पुढच्या वर्षीची फळंही मिळतील असं झाड कापत नाही. इथं दोन्ही केलं होतं. म्हणजे करणाऱ्याला झाडही नको होतं आणि फळंही कुणाला दिसायला नको होती.

"तात्या, फळं कशी होती यंदा?"

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कुणी बघितल्यात? म्हैनाभर झाडाला हिरवं कापड गुंडाळलं हुतं. सुयोग सर म्हणालं, दुसऱ्या नर्सरीवालं फोटो काढत्याल. मला बी आत जाऊ देत नव्हतं. वरनं मलाच शिव्या, म्हणं खत नीट घातलं न्हाईस."

"खत नीट घातलं नाही, असं का म्हणाले?"

"ते मला कुठं सांगत्यात?"

संशयितांत बादशाह बागवानही होता. इंदापूरचा फळांचा मोठा व्यापारी. मेळाव्यानंतर सगळा माल आपल्यालाच मिळावा म्हणून त्यानं आबांकडे खेटे घातले होते, आणि सुयोगनं त्याला चारचौघांत हाकललं होतं. मी त्याच्या गाळ्यावर गेले तेव्हा तो डाळिंबांच्या क्रेटवर बसून हिशेब सांगत होता. आम्ही एकाच मोहल्ल्यातले.

"आपा, मी झाड तोडंन? मला फळ पायजे, झाडाशी माझं काय वैर?" त्यानं डोळे मिचकावले. "पन एक सांगतो. मी सरांना म्हनलं, एक फळ दाखवा, आत्ताच्या आत्ता सौदा करतो. न्हाय दाखवलं. तीस वर्सं मंडईत काढली मी. माल झाकून ठेवनारा मानूस मला माहीत हाय. चांगला माल कुनी झाकत न्हाय."

गाळ्यातून बाहेर पडताना मला शनिवारचा अर्थ लागला, आणि अनिता का गप्प होती तेही कळलं. पण पुरावा कुठं होता?

४

पुरावा म्हणजे फळं. ती कुठं होती?

वॉचमन अविराज हा पूर्वीचा पैलवान. त्यानं शपथेवर सांगितलं की पोळ्याच्या दिवशी अनिता सकाळी आली आणि रिकाम्या हातानं गेली. दुपारी तो बैलांची मिरवणूक बघायला गावात गेला. तेव्हा फाटक नुसतं लोटलेलं होतं. पण त्या दुपारी गावाच्या रस्त्यावर बैल, हलगी आणि माणसं यांची एवढी दाटी होती की मोटरसायकलवर पिशव्या भरून सीताफळं घेऊन जाणारा माणूस दहा जणांनी थांबवून विचारला असता. आणि मंगळवार सकाळपासून तर फाटकावर सगळ्यांची झडती. ती मागणीही कुणी केली होती, ते आठवा.

म्हणजे फळं आतच होती.

"मग हुडकू की," आबा उतावीळ झाले. "सगळी माणसं लावतो."

"नको. कुणालाही काही बोलू नका. झडती चालू ठेवा आणि शुक्रवारपर्यंत थांबा."

"शुक्रवारी काय हाय?"

"आबा, तुम्ही आयुष्यभर फळांत काढलंय. सीताफळ लपवता येतं. त्याचं पिकणं लपवता येत नाही."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या.

ते दोन दिवस सुयोग सरांनी मला चहा पाजून पाजून जेरीस आणलं. "अनिताताई हुशार आहेत, पण कडवट आहेत हो," ते म्हणायचे. "माझं यश त्यांना पचलं नाही. आता झाड गेलं, पण वाण वाचला. कलमं तर तयार आहेत ना!" आणि बोलता बोलता हेही बोलून गेले की पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं त्यांना बोलावलंय, दिवाळीनंतर ते जाणार आहेत. सीताफळाच्या कलमाला फळ यायला तीन वर्षं लागतात. तेव्हा शेतकरी कुणाच्या नावानं बोंब मारणार होते, हे मला लगेच समजलं. मी बिस्कीट चहात बुडवलं आणि त्यांचं अभिनंदन केलं.

शुक्रवारी सकाळी मी रोपवाटिकेत नाक वर करून फिरले. गोठ्याजवळ काही नाही. विहिरीजवळ काही नाही. हरितगृहाच्या मागं आच्छादनासाठी आणून टाकलेल्या उसाच्या पाचटाचा ढीग होता, घराएवढा. त्याच्याजवळ गेले आणि थांबले. गोड, दाट वास. पाचटाच्या एका बाजूला गांधीलमाशा घोंगावत होत्या.

मी आबांना, अनिताला, तात्यांना आणि सुयोग सरांना तिथंच बोलावलं. अनिता इंदापूरहून दोन तासांत आली. सुयोग सर ढिगाकडे बघून पांढरे पडले.

"तात्या," मी म्हणाले, "घाला हात."

५

तात्यांनी पाचट उपसलं. आत चार कापडी पिशव्या निघाल्या. फळं पिकून फुटली होती आणि कापड चिकट झालं होतं. पण त्या पिशव्यांवर छापलेला चेहरा ओळखू येत होता. सुयोग सर हसत होते, आणि त्यांच्या दातांवरून मुंग्या चालल्या होत्या.

मेळाव्यात वाटायच्या पिशव्या त्या. सुयोग सरांच्या खोलीत, त्यांच्या कपाटात, त्यांच्या किल्लीखाली ठेवलेल्या.

"पोळ्याला गोण्यांच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली तात्यांकडं," मी म्हणाले. "मग फळं भरायला हाताशी होतं तेच घेतलंत. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गाडीतून न्यायची होती. पण झडतीची आरोळी तुम्हीच ठोकलीत, आणि आबांनी ती तुम्हालाही लावली. फळं अडकली. ती लपवली कुठं, तर गरम पाचटात. कृषी पदवीधर माणसानं सीताफळांची आढी घातली, सर! ती पिकणार नाहीत तर काय होणार?"

"हे… हे कुणीतरी मला अडकवायला…"

"फळं बघा, आबा."

आबांनी एक फळ उचललं. लहान, एका बाजूनं फुगलेलं, दुसऱ्या बाजूनं चपटं. दुसरं तसंच. सगळी वेडीवाकडी, बाजारात तिसऱ्या नंबरलाही जाणार नाहीत अशी.

"ही त्या झाडाची?" आबांचा आवाज चिरकला. "मग मागच्या वरसाची?"

मी अनिताकडे वळले. "आता तरी बोल."

ती पुढं आली. तिनं सुयोगकडेच बघत बोलायला सुरुवात केली.

"झाडात काय बी न्हाय, आबा. साधं गावरान झाड हाय. सीताफळाच्या फुलात पराग नीट पडत न्हाय, म्हणून फळ वाकडं हुतं. मी रोज सांजच्याला उमललेल्या फुलातला पराग डबीत गोळा करायची, आन सकाळच्या पारी अर्धवट उघडलेल्या फुलात ब्रशनं भरायची. एकेका फुलात. सुयोग सर नवाच्या आधी बागेत कधी आलेच न्हाईत, त्यांना नुसतं फळ दिसलं. मला वाटलं, विचारतील, कसं केलं. एकदा तरी विचारतील. वरीस गेलं, न्हाय विचारलं. मग मी बी न्हाय सांगितलं."

"आणि शनिवारी?" मी विचारलं.

"शनिवारी समद्या पाहुण्यांम्होरं हिरवं कापड उघडायचं हुतं. पोळ्याला मी तेच बघायला आले हुते, वाकडी फळं शाबूत हायती का. माझा सगळा सूड त्या झाडावर लटकला हुता, ताई. मी त्याला कशी तोडीन?"

अख्ख्या रोपवाटिकेत ते झाड जिवंत आणि त्या वाकड्या फळांनी लगडलेलं हवं असणारी ती एकटीच होती. पण हे सांगायचं तर वर्षभर जाणूनबुजून गप्प बसल्याचंही सांगावं लागणार होतं, म्हणून बाई आरोप अंगावर घेऊन बसली होती. मला तिचा राग आला. आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं.

"आणि कलमं?" मी विचारलं. "साध्या झाडाची कलमं भोळ्या शेतकऱ्यांच्या गळ्यात पडली असती तर? त्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

"वाटायच्या आधी सांगणार हुते."

"आणि आबांनी माइक दिला नसता तर? तुझी बसच चुकली असती तर? सूड तुझा, पण डावावर शेती दुसऱ्याची लावलीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "पण त्याच्याबद्दल न्हाय. शेतकऱ्यांबद्दल."

एवढं मला पुरे होतं.

आबा सुयोगच्या अंगावर धावून गेले. फाटकावरून धावत आलेल्या अविराजनं मध्ये पडून दोघांना आवरलं. श्वास जागेवर आल्यावर आबा अनिताला म्हणाले, "पोरी, झालं गेलं गंगेला मिळालं. उद्या ष्टेजवर तुझं नाव लावतो. वाणाचं नाव 'अनिता'. कलमं हायतीच."

वर्षभर ज्याची भूक होती ते ताट समोर आलं होतं.

"वाणच न्हाय, तर नाव कशाला लावता, आबा?" ती म्हणाली. "तीच चोरी मी करू व्हय? कलमं साधी म्हणून सांगा, ज्याला पायजे तो नेईल. मी हात चालवून दाखवते. नरसिंहपूरला आमच्या घरामागं एक झाड हाय, यंदा त्याला मीच पराग भरलाय. त्याची फळं आणते. आन मला दुसरं एक पायजे."

"काय?"

ती सुयोगकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "सर उद्या ष्टेजवर पायजेत."

६

शनिवारी मंडप गच्च भरला. इंदापूर, सांगवी, नरसिंहपूर, कुठून कुठून माणसं आली होती. पोस्टरं उतरवली होती. टेबलावर दोन टोपल्या होत्या. एकीत नरसिंहपूरची गोल गरगरीत सीताफळं, दुसरीत पाचटातून वाचलेली वेडीवाकडी. सुयोग सर मधोमध उभे होते. पोलिसांत जायचं की मंचावर, असा पर्याय आबांनी ठेवला होता, आणि त्यांनी मंच निवडला. मी पहिल्या रांगेत बसले. बादशाह शेजारी होता. त्यानं माझ्या हातात एक गोल फळ ठेवलं.

आबांनी कलमं साधी आहेत हे कबूल केलं. खाली कुजबुज झाली, एक-दोघे उठून ओरडले, मग टोपल्या बघून पुन्हा बसले. आबांनी माइक अनिताकडे दिला. तिनं तो स्वतः घेतला नाही, सुयोग सरांच्या हातात दिला. मग खिशातून पराग भरायचा ब्रश काढून टेबलावर ठेवला.

"विचारा, सर," ती म्हणाली.

सुयोग सरांनी खाली बघितलं. ते पुटपुटले, "अनिताताई… हे कसं केलंत?"

"ऐकू आलं न्हाय. मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना बी ऐकू दे."

त्यांचा चेहरा पिशवीवरच्या फोटोपेक्षा फार वेगळा दिसत होता. त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं विचारलं, "अनिताताई, ही फळं तुम्ही कशी आणलीत? मला माहीत नाही. मला सांगा."

लोक टाळ्या वाजवायला लागले. मी नाही वाजवल्या. माझे हात सीताफळानं चिकट झाले होते आणि तोंडात बिया होत्या.

अनितानं माइक घेतला, सुयोग सरांकडे पाठ केली आणि शेतकऱ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

"सांगते," ती म्हणाली. "पण त्यांना न्हाय. तुमाला."